निंगव्वाची ओटी

रोज सकाळी घरातला गॅस पहिल्यांदा पेटायचा तो निंगव्वाच्या हातांसाठी. चहा नंतर, भाकरी त्याच्याही नंतर. ज्योत बारीक करून ती दोन्ही तळवे तिच्यावर धरायची, उलटेसुलटे करायची, एकमेकांवर घासायची आणि मग स्वतःच्या गालाला लावून बघायची. गालाला पटलं नाही की पुन्हा ज्योतीवर. वैशाखात पहाटेसुद्धा घरावरचे पत्रे कोमट असायचे, तेव्हाही तिचं हे कधी चुकलं नाही. सून श्रीदेवी पिठाची परात घेऊन मागं उभी असायची. शेगडीचा दुसरा बर्नर कधीचाच बंद पडलेला होता.

“अत्ती, एखाद्या दिवशी हात भाजतील,” श्रीदेवी म्हणायची. सासूला ती कानडीतल्यासारखं अत्तीच म्हणत असे.

“भाजले तर माजे भाजतील. गार हात लागला की बाळ दचकतंय. जल्माला आल्या आल्या कशाला दचकवायचं? पुडं हायच की दचकायचं.”

निंगव्वा बाळ-बाळंतिणींना न्हाऊ घालायची. सोलापूरच्या शेळगी भागातल्या दोन खोल्यांतून ती उजाडता निघायची आणि घराघरांतून तेल, हळद, डाळीचं पीठ आणि बाळाच्या ओल्या जावळाचा वास अंगावर घेऊन दुपारी परत यायची. अक्कलकोटच्या पलीकडच्या, घरात कानडी आणि बाजारात मराठी बोलणाऱ्या एका खेड्यातून लग्न होऊन ती सोलापुरात आली होती. नवरा ईरप्पा मार्केट यार्डात हमाल होता. एके दिवशी कांद्याचं पोतं पाठीवर घेऊन तो खाली बसला, तो उठलाच नाही. मुलगा धोंडप्पा तेव्हा अजून शाळेतही जात नव्हता. सासू म्हातारी झालेली. तिनं सुनेला आपल्या शेजारी पाटावर बसवलं, पाय पसरायला लावले, एका शेजारणीचं बाळ तिच्या नडग्यांवर उताणं ठेवलं आणि काम शिकवलं. कामाबरोबर एक नियमही शिकवला. बाळाच्या अंगावर फिरणाऱ्या हाताचा भाव सांगायचा नाही. सव्वा महिना न्हाऊ घालायचं, आणि शेवटच्या दिवशी ओटीत पडेल ते घरी आणायचं.

त्या शेवटच्या दिवसाची एक रीत होती. निंगव्वाच्या कपाळावर कुंकू नव्हतं, आणि असल्या बाईची ओटी कुणी भरत नाही. लग्नात, डोहाळजेवणात, गौरीत ती मागच्या रांगेत, भिंतीकडेला बसायची. तिनंच स्वतःची तशी सवय करून घेतली होती. पण न्हाऊ घालणारीची गोष्ट वेगळी. शेवटच्या आंघोळीनंतर तिला पाटावर बसवत. घरातली मोठी बाई सुपात तांदूळ घेऊन यायची, नारळ, खण, साडी घेऊन यायची, आणि आईच्या कडेवरच्या बाळाची मूठ तांदळाला टेकवायची. बाळाचा हात लागला की ते तांदूळ बाळानं दिले असं धरायचं. ओटी बाळ भरतंय, आपण नाही. बाळाला कोण सवाष्ण आणि कोण विधवा काय कळतंय? मग तोच तांदूळ निंगव्वाच्या पदरात पडायचा. खणाच्या घडीत नोटा असायच्या, कधी बऱ्या, कधी अगदीच थोड्या. तिथं उलगडून बघायचं नाही. ती दोन्ही हातांनी पदर सावरून उठायची आणि रिक्षाचे पैसे असले तरी चालतच घरी यायची. भरल्या ओटीनं रिक्षात कोंबून बसायचं नाही, म्हणायची.

साड्या घरात साठत. निंगव्वा नेसणार किती? त्या पाटीत भांडी घेऊन येणाऱ्या बाईकडे जात आणि त्यांच्या बदल्यात पातेली, डबे, पराती येत. त्यामुळं घरात भांडी भरपूर. श्रीदेवी लग्न होऊन आली तेव्हा मांडणीवर ओळीनं लावलेले चकचकीत डबे बघून तिच्या आईला वाटलं होतं, घर चांगलं खाऊनपिऊन आहे. आठवड्याभरात श्रीदेवीनं एकेक झाकण उघडून बघितलं. पुढच्या रांगेतल्या डब्यांत डाळ-पीठ होतं. मागचे सगळे रिकामे.

श्रीदेवीचा हिशेब वेगळ्या घडणीचा होता. ती अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या एका कारखान्यात कामाला जायची. सुटे धागे कापायचे, घड्या घालायच्या, डझनाचे गठ्ठे बांधायचे. मजुरी डझनावर. तीही काही फार नव्हती, पण ती ठरलेली होती आणि वाढवून मागता येत होती. एका दिवाळीला बायकांनी मिळून कात्र्या खाली ठेवल्या होत्या आणि मालकानं चरफडत डझनामागं थोडे पैसे वाढवले होते. त्या दिवशी घरी येताना श्रीदेवीला आपली उंची वाढल्यासारखं वाटलं होतं. म्हणून सासू रिकाम्या डब्यांपुढं बसून “बाळानं दिलं” म्हणायला लागली की ती हातातलं काम खाली ठेवायची.

“बाळ देतंय व्हय?” ती म्हणायची. “बाळाला मूठ उघडता येत न्हाय अजून.”

“म्हणून तर त्याचं खरं,” निंगव्वा म्हणायची.

मग निंगव्वाच्या मनगटांनी दगा दिला. अंगठ्याच्या मुळाशी सूज आली. तेलाची वाटी उचलताना हात थरथरायचा. पूर्वी ती सकाळी तीन-चार घरं करायची, आता एकाच घरात दमायची. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी बरोबरच सांगितलं होतं, हाताला विश्रांती द्या. पण विश्रांतीचं औषध कुठल्याच दुकानात मिळत नाही. धोंडप्पा यंत्रमागावर रात्रपाळी करून यायचा आणि दिवसभर उशी तोंडावर घेऊन झोपायचा. त्याच उन्हाळ्यात श्रीदेवीच्या कारखान्यात मालाला उठाव नाही म्हणून बायकांना घरी बसवलं. आणि नेमकं त्याच आठवड्यात शहराच्या दुसऱ्या टोकाच्या जुळे सोलापुरातून अनिलकुमारांचं बोलावणं आलं. त्यांची मुलगी सिद्धेश्वरी पुण्याहून बाळंतपणाला आली होती. तिला मुलगी झाली होती.

“त्या घरी न्हाय म्हणून चालायचं न्हाय,” निंगव्वा म्हणाली. “अनिलकुमारला ह्याच पायांवर घातलाय मी. सिद्धीलाबी. तू चल संगट. पाणी तू उचल, हात मी फिरवते.”

तशी श्रीदेवी सासूबरोबर जायला लागली.

अनिलकुमारांचे टॉवेलचे माग होते, बाजारात दुकान होतं, आणि बंगल्याच्या दारात पितळी नंदी. पहिल्याच दिवशी ते बाहेर येऊन निंगव्वाच्या पाया पडले. सोफ्यावर बसलेल्या जावयाला म्हणाले, “ही आमची अव्वा, आईच म्हणा. माझं डोकं बघा, कसं गोल आहे. हिनं थापून केलेलं. आमच्या भावाच्या वेळी ही आजारी होती, त्याचं डोकं बघा, नारळ!”

“त्येचं डोकं बाहेरनं लांबडं हाय,” निंगव्वा म्हणाली, “तुजं आतनं कसं हाय ते मला काय म्हाईत.”

सगळे हसले. अनिलकुमारांची बायको महादेवी निंगव्वाला हाताला धरून आत घेऊन गेली. कामाआधी चहा, कामानंतर स्वयंपाकघरात शेजारी बसवून उप्पीट नाहीतर भाकरी-शेंगाचटणी. घरातलीच आहात, असं महादेवी दिवसातून दोनदा तरी म्हणायची.

श्रीदेवीनं सासूचं काम असं जवळून कधी बघितलं नव्हतं. न्हाणीघरात पाटावर बसून निंगव्वा पाय पसरायची आणि ते लालसर, सुरकुतलेलं बाळ नडग्यांच्या खोबणीत ठेवायची. मग तिचे हात हलायला लागायचे. छातीवरून खांद्याकडे, मांडीवरून टाचेकडे. सुजलेले अंगठे बाळाच्या पाठीवर आले की अलगद व्हायचे. तोंडानं ती कानडीत काहीबाही पुटपुटायची, त्याला ना चाल ना अर्थ. बाळ आधी रडायचं, मग रडता रडता ऐकायला लागायचं. सिद्धेश्वरी उंबऱ्यावर बसून मोबाइलवर व्हिडिओ काढायची. एकदा ती म्हणाली, “आज्जी, तुमच्या हातात बाळ किती रिलॅक्स होतं!” निंगव्वानं श्रीदेवीकडं बघितलं. “निवतंय म्हणते ती,” श्रीदेवीनं सांगितलं.

त्या दिवसांत त्या घरी बरेच लोक येऊन गेले. बाळाच्या गळ्यात इष्टलिंग बांधायला लिंगायत मठातून स्वामी आले, त्यांच्यापुढं ताटात दक्षिणा ठेवली. बाळाचे फोटो काढायला एक पोरगा आला. त्यानं बाळाला टोपलीत झोपवलं, डोक्यावर कापडी फुलं लावली. काम सुरू करायच्या आधी तो अनिलकुमारांना सहज म्हणाला, “सर, अर्धे आता, अर्धे अल्बमच्या वेळी.” अनिलकुमारांनी तितक्याच सहज फोन काढून ते पाठवले. पलीकडे बादली भरत असलेल्या श्रीदेवीनं आकडा ऐकला. तो पोरगा दुपारपर्यंत काम करून गेला. बाळ रडायला लागलं की त्यानं “आजी, जरा बघा ना” म्हणून ते निंगव्वाच्याच हातात दिलं होतं. तिनं शांत केलं, तेव्हा फोटो निघाला.

घरी आल्यावर श्रीदेवीनं विषय काढला.

“त्या फोटोवाल्यानं तोंडानं मागितले. कुणाला राग आला?”

“त्यो फोटोवाला हाय.”

“आन तुमी?”

“मी काय?” निंगव्वानं मनगटाला फडकं गुंडाळता गुंडाळता विचारलं.

“तेच इचारते की. तुमी कोण हाय त्या घरात? कामवाली म्हणाल तर कामवालीला पगार हाय. पाव्हणी म्हणाल तर पाव्हणी पाणी उचलत न्हाय.”

निंगव्वानं फडक्याची गाठ दातांनी ओढली. मग म्हणाली, “माज्या सासूनं सांगितलंय, भाव लावायचा न्हाय म्हणून.”

“तुमच्या सासूला चार घरं होती. तुमाला एक हाय. आन म्होरच्या वर्षी तेबी झेपंल का, सांगा.”

खाटेवरून धोंडप्पा उशीखालून म्हणाला, “आई, माग की. डॉक्टर मागतोय, स्वामी मागतोय, तुला काय धाड भरलीया?”

“स्वामी मागत न्हाईत. देतात त्यास्नी.”

“ताट म्होरं ठेवलं की झालं की मागणं.”

निंगव्वा हसली नाही. ती आपल्या तळव्यांकडं बघत बसली. एखादं जुनं भांडं विकायला काढावं आणि मग त्याचं वजन हातातच तोलत बसावं, तशी. दुसऱ्या दिवशी बसमधून उतरल्यावर ती म्हणाली, “बाळासमोर बोलायचं न्हाय. निजल्यावर बोलू. आन आकडा तू सांग. माज्या तोंडाला यायचा न्हाय.”

तसंच झालं. बाळ निजलं, त्याच्या खोलीचं दार निंगव्वानं स्वतः उठून ओढून घेतलं, आणि स्वयंपाकघरात येऊन उभ्यानंच म्हणाली, “महादेवी, एक बोलायचं व्हतं. आता माज्यानं एकच घर व्हतंय. तवा रोजाचं काय त्ये एकदा ठरवून दिलंसा तर बरं.”

महादेवीच्या हातातलं उलथणं कढईवर थांबलं. “रोजाचं?”

“म्हणजे रोजचे पाचशे,” श्रीदेवी पटकन म्हणाली. बसमध्ये ती सहाशे म्हणायचं ठरवून आली होती.

महादेवी काही वाईट बोलली नाही. “देऊ की,” ती म्हणाली. “त्यात काय. आधीच सांगायचं होतं ओ.” मग तिनं बाहेर हाक मारली. अनिलकुमार आले, ऐकलं, हसले. “काय अव्वा, तू पण आमच्या मागवाल्यांसारखी युनियन काढलीस?” खिशात हात घालत म्हणाले, “घे बाई, पहिल्या दिवसापासूनचे धरून देऊ. तुझा शब्द कधी मोडलाय?”

निंगव्वानं हात पुढं केला नाही. “आता नगं. शेवटी एकदम,” ती म्हणाली.

येताना श्रीदेवीला पुन्हा उंची वाढल्यासारखं वाटलं. किती सोपं होतं! कुणी ओरडलं नाही, कुणी घासाघीस केली नाही. इतकी वर्षं ही बाई कशाला भीत होती?

दुसऱ्या दिवशी गेल्यावर चहा होता, पण तो ओट्यावर झाकून ठेवलेला होता. महादेवी देवघरात होती. तिसऱ्या दिवशी तिनं भिंतीवरच्या घड्याळाकडं बघून विचारलं, “आज उशीर झाला का?” बस उशिरा आली होती. पुढं एकदा बाळाच्या दुपट्यांची बादली न्हाणीघराच्या दाराशी आली. “तेवढं धुऊन टाकाल का? आता रोज ठरलाच आहे, तर यासाठी वेगळी बाई कशाला?” सिद्धेश्वरी आतून म्हणाली, “मम्मी, असू दे ना.” महादेवी म्हणाली, “अगं, मी काय फुकट सांगते का?” दुपटी श्रीदेवीनं धुतली. कारखान्यात असं कुणी डझनाबाहेरचं काम सांगितलं असतं तर तिनं कात्री आपटली असती. पण इथं डझन म्हणजे काय ते कुठं ठरलं होतं?

आणि उप्पीट बंद झालं. भांडण नाही, तंटा नाही, नुसतं बंद. ज्या माणसाला रोज ठरवून दिलाय त्याला न्याहारी द्यायची असते का, हे बहुतेक महादेवीलाही कळत नव्हतं. ती ओशाळल्यासारखी इकडंतिकडं करायची आणि काम संपलं की “या मग” म्हणायची.

निंगव्वाच्या हातात मात्र काही फरक पडला नाही. श्रीदेवी मुद्दाम बघायची. तेच दाबणं, तेच अलगद होणं, तेच पुटपुटणं. रोज सकाळी तीच ज्योत आणि तोच गाल.

शेवटच्या दिवशी निंगव्वा हिरव्या काठाचं धुतलेलं लुगडं नेसली. त्याचा पदर मोठा होता. “पदर लहान असला की तांदूळ सांडतोय,” ती म्हणाली.

बाळाची आंघोळ झाली, धुरी झाली. धुरी आता निंगव्वा लांबूनच द्यायची, कारण धुरानं बाळाची छाती भरते असं सिद्धेश्वरीच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं आणि तिलाही ते पटलं होतं. बाळाला दुपट्यात गुंडाळून तिनं सिद्धेश्वरीच्या कडेवर दिलं आणि पाट उचलून दिवाणखान्याच्या कडेला नेला. तिथंच, त्याच भिंतीशी, पूर्वी दोनदा तिची ओटी भरली होती. ती पाटावर बसली. पदर मांडीवर पसरला.

महादेवी फोन घेऊन आली. “श्रीदेवी, तुमचा नंबर सांगा. ऑनलाइन टाकते.”

श्रीदेवीनं नंबर सांगितला. तिच्या पिशवीतला फोन वाजला. सगळे पैसे आले होते, अगदी पहिल्या दिवसापासूनचे. आजवर कुठल्याही खणाच्या घडीतून इतके निघाले नव्हते.

“आले ना?” महादेवीनं विचारलं.

“आले.”

“बरं झालं बाई. या मग.”

निंगव्वा उठली नाही. ती पाटावर तशीच, पदर पसरून. तिला वाटलं, सूप आणायला आत जातील. महादेवी आत गेली नाही. ती एकदा निंगव्वाकडं, एकदा श्रीदेवीकडं बघत राहिली. मग तिला काहीतरी उमगल्यासारखं झालं. ती खाली वाकून मोठ्यानं, कमी ऐकणाऱ्या माणसाशी बोलावं तशी म्हणाली, “आले ओ पैसे! सूनबाईंच्या फोनवर आलेत. काळजी करू नका.”

भिंतीला टेकून सिद्धेश्वरी उभी होती. तिच्या कडेवर बाळ होतं, आणि बाळाची एक मूठ दुपट्याबाहेर आली होती. तिथून निंगव्वाचा पदर हातभरच लांब.

श्रीदेवीला महादेवीशी बोलायचं होतं. अक्का, ओटी राहिली, एवढंच. दोन शब्द. पण ते तिच्या तोंडातून आले असते तर तेही मागणंच झालं असतं, आणि मागून भरलेल्या ओटीत बाळाचा हात कसा असणार? तिनं सासूच्या काखेत हात घातला. निंगव्वा उठली. मोकळा पदर तिनं झटकला, तांदूळ सांडले असते तर झटकला असता तसा, आणि कमरेला खोचला.

“पाळण्यात कदी घालायचं हाय?” तिनं विचारलं.

“रविवारी. हॉल घेतलाय छोटासा,” महादेवी म्हणाली. “म्हणजे घरातल्या घरातच ओ. फार कुणाला बोलवत नाही.”

“चांगलं हाय,” निंगव्वा म्हणाली. तिनं बाळाच्या अंगावरून दोन्ही हात फिरवून आपल्या कानशिलांवर बोटं मोडली. मग ती चालत घरी निघाली. श्रीदेवीनं रिक्षा थांबवली, तेव्हा पहिल्यांदाच ती आढेवेढे न घेता आत बसली.

त्या पैशांतून घरात ज्वारीचं पोतं आलं, गॅसची टाकी आली, धोंडप्पाला चपला आल्या. मागच्या रांगेतले डबे भरले. निंगव्वानं त्यातलं काही नाकारलं नाही. एकदाच तिनं विचारलं, “त्ये पैशे फोनमदी आले म्हणजे कुटं आले गं? कुणाच्या हाताचे व्हते त्ये?”

पुढं बोलावणी आली नाहीत. महादेवीनं कुठं वाईट सांगितलं असेल असं श्रीदेवीला वाटत नव्हतं. एवढंच सांगितलं असेल, आता त्या पण रेट सांगतात. मग लोक म्हणत असतील, रेटच द्यायचा तर शिकलेलीला देऊ. अनिलकुमारांच्या शेजारच्या घरी बाळ-बाळंतिणींच्या मालिशच्या एका सेंटरची मुलगी यायला लागली. फिक्या निळ्या कपड्यांतली, हातमोजे घालणारी. योगायोग असा, की ती शेळगीतच, त्यांच्या गल्लीच्या टोकाला खोली घेऊन राहायची. राजनंदिनी तिचं नाव. माळशिरसकडची, शेळ्या-मेंढ्या राखणाऱ्या घरातली. एका संध्याकाळी ती आपण होऊन निंगव्वाला भेटायला आली.

“आजी, तुमचं लई ऐकलंय.”

“बस. कशी घालतीस न्हाऊ, दाव बरं,” म्हणून निंगव्वानं तिच्यापुढं उशी टाकली.

राजनंदिनीनं उशीवर हात फिरवून दाखवले. निंगव्वा मान खाली घालून बघत होती. “कानात तेल?”

“नाही घालत. घालू नका असं शिकवलंय.”

“बरोबर हाय. मीबी सोडलं,” निंगव्वा म्हणाली. “हात चांगला हाय तुजा. जरा गार हाय. मोजं काढलंस तर?”

“काढू देत नाहीत.”

“किती घेतीस?” गोधडी शिवता शिवता श्रीदेवीनं मध्येच विचारलं.

राजनंदिनीनं सेंटरचा आकडा सांगितला. तो ऐकून श्रीदेवीच्या हातातली सुई थांबली. मग राजनंदिनी हसली. “ते सेंटरचं, वहिनी. मला त्यातनं पाव बी न्हाय मिळत. गाडीचं पेट्रोल माझंच. कपडेसुद्धा विकत घ्यावं लागलं.”

“आन शेवटच्या दिवशी?” निंगव्वानं विचारलं.

“शेवटच्या दिवशी काय?”

“काय देत्यात?”

“फोनवर स्टार देतात. पाच दिले तर बरं. एकीनं तीनच दिले, तर सेंटरवर चार माणसांत बोलणी खाल्ली.”

“स्टार म्हंजी?”

“चांदणी,” श्रीदेवी म्हणाली.

निंगव्वानं त्या मुलीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि उठून तिला गूळ-शेंगा आणून दिल्या. ती गेल्यावर श्रीदेवी कितीतरी वेळ सुईत दोरा ओवत बसली. आपण चूक केली असं तिला अजूनही वाटत नव्हतं. मागितलं ते हक्काचंच होतं. पण लोकांनी हक्काचं दिलं आणि दुसरं काहीतरी काढून घेतलं. दोन्ही एका हातानं द्यायला त्यांना कुणी मना केलं होतं? ते दुसरं काय होतं, त्याला कुठल्या डझनात बांधायचं?

काम नव्हतं तरी निंगव्वाची सकाळ बदलली नाही. ज्योत, तळवे, गाल. श्रीदेवीचा कारखाना पुन्हा सुरू झाला होता, तिला घाई असायची, परात हातात असायची. तरी तिनं एकदाही म्हटलं नाही की अत्ती, आता कुणाकडं जायचंय? तिच्या मागं तशीच उभी राहायची.

संक्रांतीला भरणारी सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा संपत आली होती तेव्हाची गोष्ट. थंडी अजून होती. त्या सकाळी निंगव्वानं हात शेकले, गालाला लावले आणि सरकून भिंतीला टेकून बसली. श्रीदेवी तिच्याकडं पाठ करून भाकरी थापत होती. पहिली भाकरी फुगून उतरली, तिनं ती द्यायला म्हणून मागं वळून बघितलं, तेव्हा निंगव्वाचे डोळे मिटलेले होते आणि दोन्ही हात मांडीवर उघडे पडले होते. श्रीदेवीनं धरले. अजून उबदार होते.

लिंगायतांच्या रीतीप्रमाणं तिला बसवूनच नेलं. आणि ज्या ज्या घरी तिनं न्हाऊ घातलं होतं तिथून बायका आल्या, प्रत्येकीच्या हातात लुगडं. महादेवीनं भारी इरकल आणलं होतं. ते पांघरताना ती हुंदके देऊन रडली, आणि ते रडणं खोटं नव्हतं. अनिलकुमारांनी खांदा दिला. “आमच्या घरातलीच होती,” ते लोकांना सांगत होते. लुगड्यांवर लुगडी पडत गेली. शेवटी तिचा चेहरा तेवढा दिसायचा राहिला, हात दिसेनात.

नंतर धोंडप्पा पुन्हा पुन्हा विचारायचा, आई काही बोलली का गं? श्रीदेवी आठवून बघायची. विशेष असं काही नव्हतंच. हात शेकून झाल्यावर बाजूला सरकताना ती रोज म्हणायची तसंच त्याही दिवशी म्हणाली होती, “ठेव आता तवा. आन आच जरा कमी कर, भाकरी करपंल.”